एवढे मार्क असताना नर्सिंग?

बारावीचा निकाल लागला की ठाणे-नवी मुंबईतले आईवडील करिअरच्या सल्ल्यासाठी माझ्याकडे एक प्रश्न हमखास घेऊन येतात. मुलगी हुशार आहे, संशोधन करायचं म्हणते, आणि तरी नर्सिंगचा फॉर्म भरून बसलीय. त्या प्रश्नाच्या पोटात आणखी एक असतो, तो सहसा आई विचारते, आवाज खाली आणून: एवढे मार्क वाया तर जाणार नाहीत ना?

या प्रश्नाला घरोघरी मिळणारी उत्तरं बहुतेक ऐकीव असतात आणि त्यांच्यावर मुलींची चार वर्षं ठरतात, याचं मला फार वाईट वाटतं. म्हणून कोपरखैरण्याच्या एका कुटुंबाबद्दल लिहिते आहे. त्यांची परवानगी आहे; ओळख पटेल असे तपशील बदललेत. मुलीला सायली म्हणू.

सायलीने बारावीला गणित आणि जीवशास्त्र दोन्ही घेतलं होतं. एमएचटी-सीईटीचे दोन्ही गट दिले होते आणि बी.एस्सी. नर्सिंगची वेगळी सीईटीही. पीसीएमला, म्हणजे गणिताच्या गटाला, पर्सेंटाइल छान आला, माटुंग्याच्या आयसीटीत (इन्स्टिट्यूट ऑफ केमिकल टेक्नॉलॉजीत) पॉलिमर इंजिनिअरिंगची, म्हणजे प्लॅस्टिक-रबरासारख्या पदार्थांच्या अभ्यासाची, आशा धरावी इतका. हे खूळ मामाचं. "यूडीसीटी म्हणायचे तिला, १९३३ सालची संस्था आहे," असं तो सारखा सांगायचा, आणि संस्थेबद्दल तो बोलत होता ते खरंच होतं. बाबांचं मन मात्र घेईना. सरकार बंदी आणतंय आणि आपण मुलीला प्लॅस्टिक शिकवायचं, हे त्यांना पटत नव्हतं. राहिली आई. ती स्वतः नर्स. जीएनएम ही नर्सिंगची पदविका करून खासगी रुग्णालयात वर्षानुवर्षं ड्युटी केलेली. नर्सिंगला सगळ्यात कडवा विरोध तिचाच.

"मॅडम, नाईट करून सकाळी घरी यायचं आणि हिचा डबा करायचा, असं काढलंय मी," ती म्हणाली. "पेशंटचे नातेवाईक 'ए सिस्टर' करून ओरडतात. एवढं शिकून हिनेही तेच करायचं? मग शिकायचं कशाला?"

तिचं म्हणणं मी खोडलं नाही. खासगी रुग्णालयांत सुरुवातीचा पगार कमी असतो, एका नर्सवर झेपतील त्याहून जास्त रुग्ण टाकले जातात, रात्रपाळी चुकत नाही. हे सगळं मुलीसमोर बोललं गेलं ते बरंच झालं. पण आई बोलत होती ती तिच्या वाट्याला आलेल्या नोकरीबद्दल, आणि सायली विचारत होती ते संशोधनाबद्दल. "नर्सिंगमध्ये रिसर्च असतो का हो? की तो डॉक्टरांचा?" असं तिने विचारलं, तेव्हा खोलीत कुणालाच उत्तर ठाऊक नव्हतं, अगदी आईलाही नाही.

अशा वेळी कोर्सची माहिती लगेच पुढे करायला मी जात नाही. सायलीची आजी खुब्याचं हाड मोडल्यापासून अंथरुणाला खिळलेली होती आणि दुपारभर तिच्याजवळ सायलीच असायची. मी तिला म्हटलं, आठवडाभर एक वही ठेव. आजीचं करताना जो प्रश्न पडेल तो लिही. उत्तर शोधायचं नाही, गुगल करायचं नाही, फक्त प्रश्न.

वही भरून आली. कूस दर दोन तासांनी बदलायची म्हणतात, ती दोनच तासांनी का? रात्री घरातलं माणूस झोपलं तर काय करायचं? एअर बेड खरंच उपयोगी पडतो का? दुखत असूनही आजी सांगत का नाही? मी भरवलं की खात नाही, आईने भरवलं की खाते, असं का? लघवीची नळी ठेवल्यावर ताप आला, तो नळीमुळे का? पट्टी काढताना आजीची कातडी निघते, आपली निघत नाही, ते का?

या प्रश्नांपैकी बरेचसे नर्सिंग संशोधनाचेच आहेत, आणि ते मी तिला एका उदाहरणाने दाखवलं. अंथरुणाला खिळलेल्या माणसाला शय्याव्रण, म्हणजे आपण बेडसोअर म्हणतो ते, होण्याचा धोका किती, हे आधीच ओळखायला एक मोजपट्टी आहे: ब्रेडन स्केल. सहा गोष्टी बघायच्या. स्पर्शाची जाणीव, त्वचेचा ओलावा, हालचाल किती, स्वतःहून कूस बदलता येते का, पोटात काय जातं, आणि अंगाखाली घर्षण किती होतं. प्रत्येकीला गुण द्यायचे, बेरीज ६ ते २३ मध्ये येते. १८ किंवा खाली आली की सावध व्हायचं. बार्बरा ब्रेडन आणि नॅन्सी बर्गस्ट्रॉम या दोन नर्स-संशोधकांनी ती तयार केली आणि १९८७ मध्ये 'नर्सिंग रिसर्च' या नियतकालिकात तिच्यावरचा शोधनिबंध आला. आज जगभरच्या वॉर्डांत ती वापरली जाते.

सायलीची आई तोवर गप्प होती. "ब्रेडन?" ती म्हणाली. "ते आम्ही रोज भरतो की. प्रत्येक शिफ्टला. फाइलमध्ये छापील कागद असतो." थोड्या वेळाने म्हणाली, "ते नर्सनी काढलंय?"

इतकी वर्षं तो तक्ता तिने भरला होता. तो तिच्याच पेशातल्या बायकांनी रुग्णांजवळ बसून, आकडे जमवून, तपासून तयार केलाय हे तिला एकदाही कुणी सांगितलं नव्हतं. जीएनएम शिकवताना नाही, नोकरीत नाही. माझ्या मते नर्सिंगचं सगळ्यात मोठं नुकसान इथे होतं. पगार आणि रात्रपाळ्या नंतर.

मग तिनेच मुलीला नळीच्या प्रश्नावर समजावलं. त्यांच्याकडे इन्फेक्शन कंट्रोल नर्स असते. किती रुग्णांना किती दिवस नळी होती याचे 'कॅथेटर डेज' ती रोज मोजते आणि त्यातल्या किती जणांना जंतुसंसर्ग झाला ते दर १००० कॅथेटर दिवसांमागे काढते. आकडा वाढला की चुकतंय कुठे ते शोधायचं: नळी घालताना, पिशवी उंच धरल्यामुळे, की गरज संपूनही नळी तशीच राहिल्यामुळे. सायली वहीत उतरवून घेत होती. मायलेकींना कामाबद्दल असं बोलताना मी पहिल्यांदाच पाहत होते.

पट्टीचा प्रश्न मात्र वेगळा निघाला. म्हातारपणी त्वचेचे थर एकमेकांना पूर्वीइतके घट्ट धरून राहत नाहीत, हे झालं शरीराचं. पण पट्टीवरचा चिकटा हा पॉलिमर असतो. अ‍ॅक्रिलिकचा चिकटा जसजसा वेळ जातो तसा जास्त घट्ट बसतो. सिलिकॉनचा तसा बसत नाही, म्हणून नाजूक त्वचेला तो सोसतो. म्हणजे मामाचं म्हणणंही वाऱ्यावर सोडण्यासारखं नव्हतं. निवड करायची तर दोन्ही बाजू डोळ्यांनी बघून करावी, असं माझं मत आहे. रबाळे एमआयडीसीत ओळखीच्या एका कारखान्याच्या टेस्टिंग लॅबमध्ये तिला जाता येईल अशी सोय केली.

तिथे तिने मेल्ट फ्लो इंडेक्स, म्हणजे वितळलेलं प्लॅस्टिक किती सहज वाहतं त्याचं माप, काढताना पाहिला. पॉलिप्रॉपिलिन या प्लॅस्टिकचे दाणे २३० अंशांना तापलेल्या नळीत टाकतात, वरून २.१६ किलोचं वजन ठेवतात आणि खालच्या बारीक भोकातून वितळलेला धागा उतरू लागतो. तो ठरावीक वेळाने पात्याने कापायचा, तुकडे थंड झाले की तोलायचे, आणि दहा मिनिटांत किती ग्रॅम उतरला असता तो हिशेब मांडायचा. एवढ्यावरून कळतं की हा माल बादलीला चालेल की पातळ भिंतीच्या डब्याला. तिला ते आवडलं. तिने तुकडे कापूनही पाहिले.

बाबांची बंदीची शंका तिथल्याच माणसांनी बरीचशी मिटवली. महाराष्ट्राची २०१८ ची बंदी काय किंवा केंद्राची १ जुलै २०२२ पासूनची काय, रोख आहे तो एकदा वापरून फेकायच्या वस्तूंवर आणि पातळ पिशव्यांवर. पुनर्वापर, कंपोस्ट होणारं प्लॅस्टिक, पिशवीची जाडी आणि दर्जा तपासणं, या सगळ्याला पॉलिमर शिकलेलीच माणसं लागतात. दवाखान्यातलं प्लॅस्टिक तर कुणी बंद करू शकत नाही. ट्रॉम्बेला १९७४ पासून आयसोमेड हा प्रकल्प आहे, तिथे वैद्यकीय वस्तू गॅमा किरणांनी निर्जंतुक होतात. पण साध्या पॉलिप्रॉपिलिनवर हे किरण पडले की ते ठिसूळ होत जातं. त्यासाठी किरण सोसणारं प्लॅस्टिक तयार करावं लागतं. हे काम पॉलिमरवाल्यांचं. भाभा अणुसंशोधन केंद्राने किरणांच्याच मदतीने भाजलेल्या जखमेसाठी हायड्रोजेलची पट्टी तयार केली, ती जखमेला चिकटत नाही. तिरुअनंतपुरमच्या श्रीचित्रा संस्थेने हृदयाची कृत्रिम झडप बनवली. तिची उघडझाप करणारी चकती पॉलिथिनची आहे आणि १९९० पासून ती माणसांच्या छातीत बसवली जाते आहे. हे सगळं ऐकून बाबा म्हणाले, "मग हेच कर ना."

चुलतभावाने मध्येच आणखी एक फाटा फोडला. अमेरिकेतल्या ओहायो राज्यात अ‍ॅक्रन विद्यापीठ आहे, तिथे नर्सिंगही आहे आणि पॉलिमरही, त्याची माहिती त्याने पाठवली. पॉलिमरमध्ये ते विद्यापीठ नावाजलेलं असण्याचं कारण गावातच आहे: गुडइयर कंपनी १८९८ मध्ये तिथेच निघाली, फायरस्टोनही तिथलीच, आणि टायरच्या गावात रबराचा अभ्यास वाढला. यंत्रांचे फोटो पाहून घरातले भारावले. मी सगळ्याच पालकांना सांगते ते त्यांनाही सांगितलं. विद्यापीठ अ‍ॅक्रनचं असो की आपल्याकडचं, सुविधांची यादी वाचून निर्णय घेऊ नका. ते यंत्र पदवीच्या मुलांच्या हाताला लागतं का, ते विचारा. नर्सिंग कॉलेजमध्ये सिम्युलेशन लॅब दाखवतील. त्यातला पुतळा प्लॅस्टिकच्या वेष्टनात असेल तर तो पाहुण्यांसाठी आहे असं समजा. आणि तिसऱ्या-चौथ्या वर्षाच्या मुलींना फाटकाबाहेर गाठून विचारा की पोस्टिंग कुठे लागतं, वॉर्ड खरंच भरलेले असतात का. बी.एस्सी. नर्सिंगच्या कॉलेजला स्वतःचं १०० खाटांचं रुग्णालय असावं अशी भारतीय परिचर्या परिषदेची अपेक्षा आहे. मुलगी शिकते ती तिथे. माझ्या दृष्टीने नर्सिंगची संशोधन प्रयोगशाळा म्हणजे तो वॉर्डच.

सायलीला मी शेवटी एवढंच विचारलं की लॅबमधून आल्यावर वहीत काय लिहिलंस. तिने वही पुढे केली. धाग्याबद्दल दोन ओळी होत्या. त्याखाली पानभर आजी: सिलिकॉनची पट्टी महाग असेल तर ती आधी कुणाला लावायची हे वॉर्डात कोण ठरवतं? पट्टी कशी काढायची हे घरच्यांना कोण शिकवतं? शिकवलं तर फरक पडतो का, हे कुणी मोजलंय का?

उत्तर तिच्याच अक्षरात होतं. तिने नर्सिंग ठरवलं आणि मला ते योग्य वाटलं.

एक गोष्ट त्याच वेळी स्पष्ट सांगितली, इथेही सांगते. पॉलिमरकडे यायला रस्ते पुष्कळ आहेत, बी.एस्सी. रसायनशास्त्रानंतर एम.एस्सी. करता येतं, सिपेट या प्लॅस्टिकचं शिक्षण देणाऱ्या केंद्रीय संस्थेचा पदव्युत्तर डिप्लोमा करता येतो. नर्सिंगची पदवी घेऊन पुढे पॉलिमरमध्ये शिरणं मात्र अवघड आहे. तेव्हा मनात दोन्ही असतील तर हा विचार आधी करावा. उलट बाजूने, परिषदेच्या नोंदणीशिवाय नर्स म्हणून काम करता येत नाही आणि ती नोंदणी नर्सिंग शिकूनच मिळते.

पुढचं कागदोपत्री काम आईने हातात घेतलं. कॉलेजांची नावं तिने भारतीय आणि महाराष्ट्र परिचर्या परिषदेच्या यादीत ताडून पाहिली, नाशिकच्या आरोग्य विज्ञान विद्यापीठाशी संलग्नता पाहिली. ते ओबीसी आहेत, उत्पन्न ८ लाखांच्या आत. राज्याने २०२४-२५ पासून अशा मुलींचं व्यावसायिक अभ्यासक्रमांचं शिक्षण आणि परीक्षा शुल्क माफ केलंय. पण प्रवेश केंद्रीय फेरीतून हवा, संस्थेच्या कोट्यातून घेतला की माफी जाते, आणि अभिमत व खासगी विद्यापीठांना ती लागू नाही. नवी मुंबईत अभिमत विद्यापीठांची कॉलेजं आहेत, त्यामुळे घराजवळचं म्हणून पहिला पर्याय भरण्याआधी हे पाहायलाच हवं. सायलीने पर्याय त्या हिशेबाने लावले. पहिल्या फेरीत काही लागलं नाही, दुसरीत लागलं. रोज ठाण्याला गाडी बदलून जावं लागतं.

अभ्यासक्रमात नर्सिंग संशोधन आणि संख्याशास्त्र हा स्वतंत्र विषय आहे आणि गटाने छोटा प्रकल्पही करावा लागतो. तिचा विषय आत्ताच ठरलाय, पट्टीचा. आईचं म्हणणं, पदवी झाली की एम्सची नॉरसेट ही नर्सिंग ऑफिसर भरतीची परीक्षा दे. केंद्रात नर्सिंग ऑफिसरचं मूळ वेतन सातव्या आयोगाप्रमाणे ४४,९०० पासून सुरू होतं, आधी पाय रोव. सायलीला एम.एस्सी. नर्सिंग आणि पुढे पीएच.डी. करायचीय. एम.एस्सी.च्या प्रवेशाला पदवीनंतर वर्षभराचा अनुभव लागतोच, त्यामुळे पहिलं वर्ष तरी दोघींचं एकमत आहे. त्यानंतरच्या वर्षांवरून घरात वाद चालू आहेत, आणि बाबा आईच्या बाजूने आहेत.