मते तीच, मग निकाल निराळा कसा?

प्रश्न : अमेरिकेत मतदारसंघांच्या सीमा बदलून निवडणुका जिंकल्या जातात, असे वारंवार वाचनात येते. मतदार तेच आणि त्यांची मतेही तीच असतील, तर नकाशावरची रेषा सरकवल्याने निकाल कसा पालटतो? आणि हे कायद्याला चालते का?

उत्तर : आधी एक लहानसे गणित करून पाहू. समजा ५० मतदार आहेत. ३० ‘क’ पक्षाचे आणि २० ‘ख’ पक्षाचे. त्यांचे दहा-दहांचे पाच मतदारसंघ करायचे आहेत. प्रत्येकात ‘क’चे सहा आणि ‘ख’चे चार मतदार ठेवले, तर पाचही जागा ‘क’ला मिळतात. आता पेन्सिल ‘ख’च्या हाती द्या. तो ‘क’चे नऊ-नऊ मतदार दोन मतदारसंघांत कोंबतो आणि उरलेले बारा जण बाकीच्या तिन्हींत चार-चार असे विखरून टाकतो. ‘क’ दोन जागा प्रचंड मताधिक्याने जिंकतो आणि तीन जागा हरतो. एकाही मतदाराने मात्र आपले मत बदललेले नसते.

ही युक्ती जुनीच आहे. १८१२ मध्ये मॅसॅच्युसेट्सचे गव्हर्नर एल्ब्रिज गेरी यांनी सही केलेल्या कायद्याने राज्य सिनेटचे मतदारसंघ नव्याने आखले गेले. त्यांतला एसेक्स परगण्यातला एक मतदारसंघ इतका वेडावाकडा होता की, व्यंगचित्रकाराने त्याला पंख आणि नख्या जोडून पालीसारख्या सॅलमँडरचे रूप दिले. गेरी आणि सॅलमँडर या दोन शब्दांच्या जोडणीतून ‘जेरीमँडर’ हा शब्द तयार झाला. त्या वर्षीच्या निवडणुकीत गेरी यांच्या पक्षाने सिनेटच्या ४० पैकी २९ जागा जिंकल्या, पण स्वतः गेरी गव्हर्नरपदाची निवडणूक हरले. गव्हर्नर साऱ्या राज्याच्या एकत्रित मतांवर निवडला जातो; तिथे रेषेला काही कामच उरत नाही. आपल्या प्रश्नाचे याहून नेमके उत्तर मला तरी दुसरीकडे सापडलेले नाही.

अलीकडचे उदाहरण नॉर्थ कॅरोलायनाचे आहे. २०१२ मध्ये तिथे अमेरिकी संसदेच्या प्रतिनिधिगृहाच्या निवडणुकीत डेमोक्रॅट उमेदवारांना मिळून निम्म्याहून किंचित अधिक मते पडली, तरी १३ पैकी ९ जागा रिपब्लिकनांकडे गेल्या. वर्णाच्या आधारे आखणी केल्याचा ठपका ठेवून न्यायालयाने त्यांतले दोन मतदारसंघ रद्द केल्यावर २०१६ मध्ये नवा नकाशा करण्यात आला. त्या वेळी काम पाहणाऱ्या रिपब्लिकन आमदाराने समितीपुढे उघडच सांगितले की, नकाशा १० विरुद्ध ३ असा करावा, कारण ११ विरुद्ध २ असा करणे आपल्याला शक्य वाटत नाही. निकालही १० विरुद्ध ३ असाच लागला.

कायद्याचे म्हणाल, तर मतदारसंघांची लोकसंख्या समान असावी, हे अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९६४ मध्येच ठरवून दिले आहे. परंतु समान लोकसंख्येचे मतदारसंघही पक्षपाती असू शकतात. वरच्या गणितातले पाचही दहा-दहांचेच होते. केवळ पक्षीय लाभासाठी केलेल्या आखणीचा निवाडा संघीय न्यायालयांनी करू नये, असा निर्णय त्याच न्यायालयाने २०१९ मध्ये पाच विरुद्ध चार मतांनी दिला आणि नॉर्थ कॅरोलायनाचा नकाशा त्या खटल्यात टिकला. राज्यांची न्यायालये आपापल्या राज्यघटनेनुसार असे नकाशे रद्द करू शकतात, आणि काहींनी केलेही आहेत.

आयोवा राज्यात नकाशाचा मसुदा विधिमंडळाचे निःपक्ष कर्मचारी तयार करतात. मतदारांची पक्षनोंदणी, मागचे निकाल आणि विद्यमान सदस्यांचे पत्ते वापरण्यास त्यांना मनाई आहे; मंजुरी मात्र विधिमंडळच देते. ही पद्धत मला सर्वांत साधी वाटते, पण तिलाही मर्यादा आहे. एखाद्या पक्षाचे मतदार मोठ्या शहरांत दाटीने राहत असतील, तर कोणी न कोंबताच ते कोंबले जातात, आणि डोळ्यांवर पट्टी बांधून आखलेली रेषासुद्धा त्या पक्षाच्या जागा घटवू शकते. एका मतदारसंघातून एकच प्रतिनिधी निवडण्याची पद्धत असेपर्यंत यावर पुरता उपाय नाही.