अमेरिकेतल्या युनियन वंशभेदाविरुद्ध लढल्या, मग आपल्या युनियन जातीवर गप्प का? नेत्यांवर विश्वास ठेवावा का?

आधी एक दुरुस्ती. तिथेही सगळ्या युनियन लढल्या नाहीत. गोऱ्यांच्या कित्येक युनियन कृष्णवर्णीयांना सभासदच करून घेत नव्हत्या. म्हणून १९२५ मध्ये ए. फिलिप रँडॉल्फ यांना रेल्वेच्या झोपायच्या डब्यांतल्या पोर्टरांची वेगळी युनियन बांधावी लागली, आणि ते डबे चालवणाऱ्या पुलमन कंपनीशी करार व्हायला १९३७ उजाडलं. १९६८ मध्ये मेम्फिसचे सुमारे १,३०० सफाई कामगार संपावर गेले, तेव्हा त्यांच्या पाट्यांवर 'मी माणूस आहे' एवढंच होतं.

आता आपल्याकडचं. माझे आजोबा डिलाइल रोडच्या बीडीडी चाळीत राहायचे, गिरणीत रिंग खात्यात, म्हणजे सूतकताईला होते. साच्यांवर, म्हणजे कापड विणायच्या मागांवर, त्यांना कधी घेतलं नाही. मागावरच्या धोट्यातला धागा तोंडाने ओढावा लागायचा आणि आमच्या उष्ट्या धोट्याला बाकीचे तोंड लावणार नव्हते. विणकराला पगार जास्त. १९२८ च्या गिरणी संपात बाबासाहेबांनी अस्पृश्यांना विणकामात घ्या ही मागणी घालायला लावली, संपाच्या पुढाऱ्यांनी ती नाइलाजाने घातली. मालक म्हणाले, हा अन्याय असेल तर तो आम्ही केलेला नाही. मला याचाच सगळ्यात जास्त त्रास होतो, कारण मालक खरं बोलत होते.

मी स्वतः ठाणे-बेलापूर पट्ट्यातल्या एका कारखान्यात एकवीस वर्षं फिटर होतो, त्यातली सात वर्षं युनियनच्या कमिटीवर. शॉपमध्ये आणि संडासात झाडू मारणारी अठरा कंत्राटी माणसं होती. कॅन्टीनमध्ये त्यांचे ग्लास वेगळे, खिडकीच्या कट्ट्यावर उपडे ठेवलेले. चहा तिथेच उभ्याने प्यायचा. १४ एप्रिलला आमच्यातले बरेच जण वर्गणी द्यायचे, पण त्या कट्ट्यापाशी जाऊन कोणी चहा प्यायला नाही. मीही पहिली काही वर्षं नाही. १९९७ च्या मागणीपत्रकात मी दोन ओळी घातल्या: ग्लास एकच ठेवा, अठराजणांना कायम करा. आमचे जनरल सेक्रेटरी गेट मीटिंगला बोलायला लागले की अंगावर काटा यायचा. त्यांनी पेनने दोन्ही ओळी कापल्या. "हे बघ, जात आणू नकोस, एकजूट फुटते. आधी करार होऊ दे." करार झाला, आम्हाला वाढ मिळाली, एरिअर्स मिळाले. पुढच्या वर्षी कळलं, सफाईचं कंत्राट त्यांच्या मेहुण्याचं होतं.

मी गेट मीटिंगला उभं राहून विचारलं. मला हाताला धरून खाली बसवणारा माझाच मित्र होता. आम्ही एकाच दिवशी कामाला लागलेलो, एका डब्यात जेवलेलो. म्हणाला, "नेता खाईना का, आपल्याला मिळवून देतो ना?" २००१ ला आम्ही संपावर गेलो तेव्हा ती अठरा माणसं रोज सकाळी आमच्यासमोरून आत गेली. मित्र त्यांना फितूर म्हणाला. त्यांची युनियनच्या सभासदत्वाची पावती आम्ही कधी फाडली नाही, त्यांना आपल्या ग्लासात चहा दिला नाही, आणि संपात मात्र त्यांनी यायला हवं होतं? १९२९ च्या गिरणी संपाला विरोध केला म्हणून बाबासाहेबांना नावं ठेवणाऱ्यांनाही माझा हाच सवाल आहे. तेच बाबासाहेब ७ नोव्हेंबर १९३८ ला संपावर बंधनं घालणाऱ्या औद्योगिक कलह विधेयकाविरुद्ध कम्युनिस्टांच्या बरोबरीने संपात उतरले.

तर विश्वासाचं. नेत्याचं भाषण ऐकू नका, मागणीपत्रक वाचा. त्यात कंत्राटी झाडूवाला कुठे आहे ते शोधा. नसेल तर वर्षाचा हिशोब मागा आणि कंत्राटं कोणाच्या नावावर आहेत तेही विचारा. जो गरिबातल्या गरिबाला सौद्यात सोडून देतो, तो उद्या तुम्हालाही सोडेल.

सगळ्या युनियन अशा नाहीत, हेही सांगायला हवं. मुंबईत कचरा वाहतूक श्रमिक संघ कंत्राटी सफाई कामगारांसाठी वर्षानुवर्षं कोर्टात भांडला आणि २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयात २,७०० जणांना कायम करण्याचा निकाल मिळवला. आणि युनियन सोडा असंही मी म्हणत नाही. मी निवृत्त होईपर्यंत पावती फाडली.

मित्र अजून म्हणतो, त्या दोन ओळी घातल्या नसत्यास तर आपण एकत्र राहिलो असतो. कापलेल्या ओळींचा तो कागद मी जपून ठेवलाय. त्याच्यासमोर धरला की तो चष्मा काढून ठेवतो.