नववीला नागरीकरण शिकवताना नागरिकत्वाचा भाग कसा जोडावा?

नळाच्या पाण्यापासून सुरुवात करा, कारण त्यात नकाशाही येतो आणि हक्काचा प्रश्नही. मुंबईचं बरंचसं पाणी शहापूर तालुक्यातल्या भातसा, तानसा धरणांतून येतं, आणि त्याच तालुक्यातल्या पाड्यांना उन्हाळ्यात टँकरची वाट बघावी लागते. मुलांना जलवाहिनीचा मार्ग नकाशावर काढू द्या, मग विचारा: या पाण्यावर पहिला हक्क कुणाचा, आणि ते ठरवतं कोण? १९९२च्या ७४व्या घटनादुरुस्तीने आलेल्या बाराव्या अनुसूचीत नागरी संस्थांसाठी १८ विषय आहेत, पाणीपुरवठा त्यातलाच. मात्र ‘शहराचं सगळं पालिकेकडे’ असं सांगू नका. कोणते अधिकार द्यायचे हे राज्य ठरवतं. मुंबईत झोपडपट्टी पुनर्वसनासाठी राज्य सरकारचं वेगळं प्राधिकरण आहे.