उठवलेल्या वस्तीचे नाव नव्या वास्तूला देताना

प्रश्न : कॅनडातील हॅलिफॅक्सच्या ‘आफ्रिकव्हिल’ उद्यानाचे नाव पूर्वी ‘सीव्ह्यू’ होते, असे कळले. इतके छान नाव बदलण्याची गरज काय होती?

उत्तर : ते छान होते, पण तिथे काय घडले याबद्दल काहीच सांगत नव्हते. बेडफर्ड बेसिन या खाडीच्या काठी एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापासून कृष्णवर्णीय कुटुंबे जमिनी विकत घेऊन राहत होती; त्यांची वस्ती म्हणजेच ‘आफ्रिकव्हिल’. ती शहराला कर भरत, तरी नळाचे पाणी आणि सांडपाण्याची सोय त्यांना कधीच मिळाली नाही. उलट वस्तीतून लोहमार्ग गेला, जवळ तुरुंग आणि संसर्गजन्य रोगांचे रुग्णालय आले आणि १९५०च्या दशकात शहराची कचराभूमीही तिच्या उशाशी आणून ठेवण्यात आली. पुढे याच दुरवस्थेचे कारण दाखवून १९६४ ते १९७० या काळात सुमारे ४०० रहिवाशांना हलवण्यात आले. काहींचे सामान शहराच्या कचरागाड्यांतून नेले गेले, आणि १९६७ मध्ये चर्चही रात्रीच्या वेळी पाडण्यात आले. त्या चर्चच्या नावात ‘सीव्ह्यू आफ्रिकन’ असे दोन शब्द शेजारी होते. १९८०च्या दशकात उद्यानाला नाव देताना पहिला शब्द राहिला आणि दुसरा गळला. हे जाणूनबुजून झाले की नाही, या वादात मी शिरत नाही; मात्र पाटी वाचणाऱ्या नवख्या माणसाला तिथून समुद्र दिसे, वस्ती दिसत नसे. २०११ मध्ये ‘आफ्रिकव्हिल’ हे नाव परत आले.

प्रश्न : अमेरिकेतील सेंट पॉल येथे २००६ साली उघडलेल्या ग्रंथालयाला उठवलेल्या ‘रोंडो’ वस्तीचे नाव आहे. परंतु रोंडो तर फ्रेंच वंशाचा गोरा वसाहतकार होता. मग हा सन्मान कोणाचा?

उत्तर : नावाचे मूळ आणि नावाचा अर्थ यांत गल्लत होऊ नये. जोसेफ रोंडोवरून रस्त्याला नाव पडले हे खरे. पण पुढे त्या रस्त्याभोवती शहरातील कृष्णवर्णीयांची घरे, दुकाने, चर्चे उभी राहिली आणि ‘आम्ही रोंडोचे’ असे सांगणारी माणसे तयार झाली. १९५० व १९६०च्या दशकांत ‘इंटरस्टेट ९४’ महामार्गासाठी ही वस्ती मधोमध चिरली गेली, तरी १९८३ पासून जुने रहिवासी ‘रोंडो डेज’ साजरा करत आले आहेत. ग्रंथालयाला नाव देण्यापूर्वीच ते लोकांच्या तोंडी होते, ही त्याची खरी पात्रता.

प्रश्न : वस्तीऐवजी एखाद्या व्यक्तीचे नाव दिले तर?

उत्तर : हरकत नाही. कॅनडातीलच व्हँकूव्हरमध्ये ‘होगन्स अ‍ॅली’ या उठवलेल्या कृष्णवर्णीय वस्तीच्या जागेवरील निवासी इमारतीला तिथल्याच समाजातील नोरा हेंड्रिक्स यांचे नाव आहे, पण तिथे मूळ वस्तीचे नावही पाटीवर ठळक हवे, नाहीतर लोक एवढेच लक्षात ठेवतील की नोरा गिटारवादक जिमी हेंड्रिक्स यांच्या आजी होत्या.

प्रश्न : नामकरणानंतर भरपाईचा प्रश्न मिटला, असे मानावे का?

उत्तर : मुळीच नाही. हॅलिफॅक्सने २०१० मध्ये माफी मागितली, चर्चच्या प्रतिकृतीसाठी ३० लाख डॉलर आणि जमीन दिली. वैयक्तिक भरपाई मात्र दिली नाही, आणि ती मागणी काही कुटुंबांनी सोडलेली नाही. ज्यांच्याकडे मालकीची कागदपत्रे नव्हती, त्यांची त्या काळी ५०० डॉलरवर बोळवण झाली होती. म्हणून नामकरणाच्या ठरावातच ‘यामुळे कोणाचाही भरपाईचा हक्क संपत नाही’ असे स्पष्ट लिहावे, आणि तो मसुदा मंजुरीपूर्वी जुन्या रहिवाशांना वाचायला द्यावा.