बीए मराठी झालंय, ठाण्यात राहते. भाषेतला अर्थ आणि संगणक यावर संशोधन करता येईल का? त्यात नेमकं करतात काय?

येईल. तुम्हाला कोडिंगची धास्ती वाटत असेल, पण कामापुरतं पायथन काही महिन्यांत जमतं. अवघड आहे ते वाक्याकडे नीट बघणं.

मी मराठी वाक्यांचं ॲनोटेशन करते, म्हणजे अर्थाच्या खुणा करते. हे वाक्य घ्या: 'सुनीलने अनिलला आपल्या घरी नेलं.' कोणाच्या घरी? बहुतेक जण म्हणतील, सुनीलच्या. पण तुमच्या आईने हेच तुम्हाला सांगितलं तर ते घर तुमचंही असू शकतं. 'त्याच्या घरी' केलं की अनिलचं, नाहीतर तिसऱ्याच कोणाचं. मशीनला हे कळतं का, हे तपासायचं तर अशी वाक्यं जमवायची, दोन-तीन जणांकडून स्वतंत्रपणे खुणा करून घ्यायच्या आणि कुठे जुळत नाही ते मोजायचं. न जुळलेली वाक्यं मात्र टाकून द्यायची नाहीत, मला तरी संशोधनाचा विषय बहुधा त्यांच्यातच सापडतो. आमच्याकडे एकेका 'आपल्या'वरून चहा गार होतो.

आता संगणकाची बाजू. ब्रिटिश भाषाशास्त्रज्ञ जे. आर. फर्थ यांनी १९५७ साली मांडलं होतं की शब्द ओळखावा तो त्याच्या सोबतीवरून. २०१३ मध्ये गूगलच्या संशोधकांनी आणलेलं वर्डटूव्हेक हे तंत्र याच कल्पनेवर चालतं: आजूबाजूच्या शब्दांवरून प्रत्येक शब्दाला आकड्यांची एक रांग मिळते. चालतं झकास, पण 'स्वस्त' आणि 'महाग' जवळजवळ येतात, कारण दोन्ही सारख्याच वाक्यांत वापरले जातात. (घोडबंदरच्या फ्लॅटबद्दल यातला पहिला शब्द कोणी वापरत नाही, ते सोडा.) २०१८ च्या बर्टसारख्या, मजकुरावरून भाषा शिकणाऱ्या मॉडेलांत एकाच शब्दाचे आकडे वाक्यानुसार बदलतात. त्याने गोंधळ कमी झाला, मिटला नाही.

याउलट वर्डनेट माणसांनी बसून रचलेलं असतं: समानार्थी शब्दांचे संच आणि त्यांची आपसातली नाती. इंग्रजीचं प्रिन्स्टनला झालं, हिंदी-मराठीवर पवईच्या आयआयटीत काम झालंय. मराठी वर्डनेट आधी चाळून बघा.

भाषाशास्त्रात एमए करायचं असेल तर पुण्याचं डेक्कन कॉलेज आहे. पण त्याआधी एखाद्या प्रयोगशाळेला ॲनोटेशनच्या कामासाठी मेल टाका. पवई तुम्हाला कांजूरमार्गला उतरून जवळ पडेल. मेलला वरच्यासारख्या पंधरा-वीस वाक्यांचा तक्ता जोडा, घरातल्या तिघांनी काय अर्थ लावला त्यासकट. मला असा मेल आला तर मी मार्कशीटच्या आधी तोच उघडेन.