पाणी जाणार कुठे? : वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरं

पाऊस तोंडावर आलाय म्हणून असेल, पण या महिन्यात आलेल्या पत्रांत निम्म्याहून जास्त प्रश्न पाणी तुंबणं, झाडं आणि उकाडा याचेच आहेत. त्यातले चार घेतलेत. दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर लांबलंय पण ते लांबणारच होतं.

ताई, आम्ही पर्वरीला सोसायटीत राहतो. एवढं उंचावर असून गेल्या पावसात तीनदा पार्किंगमध्ये घोटाभर पाणी साचलं. कमिटी म्हणते गटार मोठं करूया, आणि मागच्या मोकळ्या जागेत पण पेव्हर घालूया म्हणजे चिखल होणार नाही. तुमचं काय मत? (एक वाचक, पर्वरी)

पेव्हर घालू नका, हे आधी सांगते मग बाकीचं.

एक साधा हिशोब करा. १ मिलिमीटर पाऊस म्हणजे दर चौरस मीटरला १ लिटर पाणी. तुमचा प्लॉट समजा २००० चौरस मीटर आहे आणि दिवसभरात १०० मिलिमीटर पडला (आपल्याकडे गोव्यात जुलैत हे काही नवल नाही) तर एका दिवसात २ लाख लिटर पाणी तुमच्या आवारात पडलं, म्हणजे १० हजार लिटरचे २० टँकर! छप्पर आणि काँक्रीट असेल तर त्यातलं बहुतेक सगळं लगेच वाहायला लागतं, मातीत मुळं असलेली जागा असेल तर बराच वाटा तिथेच मुरतो. तुमच्याकडे मुरायला उरलीय ती एकच जागा, मागची, आणि कमिटी तीच झाकायला निघालीय. गटार मोठं केलं तर तुमचं पाणी जोरात खालच्या वाड्यावर जाईल एवढंच, आणि एप्रिलमध्ये तुम्हीच टँकरला फोन लावत बसाल.

मागच्या जागेत एक खोलगट बाग करा. आजूबाजूच्या जमिनीपेक्षा वीतभर खाली, इमारतीच्या पायापासून निदान ३ मीटर लांब, छपराचा पाइप तिथे सोडायचा आणि जास्तीचं पाणी बाहेर पडायला दगडांची वाट ठेवायची. कर्दळ, सोनटक्का, अळू, वेखंड ही पाण्यात पाय ठेवून उभी राहणारी झाडं लावा. पण आधी हातभर खड्डा खणून पाण्याने भरा आणि दुसऱ्या दिवशी बघा, कारण सड्यावर, म्हणजे डोंगरमाथ्यावरच्या सपाट कातळावर, वरचा थर कठीण असतो आणि काही ठिकाणी पाणी जागचं हलत नाही. मुरलं तर उत्तम. नाही मुरलं तर तो वरचा थर फोडून खालच्या मऊ चिऱ्यापर्यंत (जांभ्या दगडापर्यंत) जावं लागेल. पाणी दोन दिवसांत संपलं पाहिजे म्हणजे डास होत नाहीत, अंड्यापासून डास व्हायला साधारण आठवडा लागतो.

एवढ्याने २ लाख लिटर मावणार नाही, ६० चौरस मीटरची वीतभर खोल बाग एका वेळी १२ हजार लिटरच्या आसपास धरते. पण ती भरते, मुरते, परत भरते आणि पार्किंग बुडवणारा पहिला लोंढा तीच अडवते. आवारात जुनी विहीर असेल तर छपराचं पाणी गाळून तिच्यात सोडा, पहिल्या दोन-तीन पावसांचं मात्र सोडून द्या. आणि हो, तुमची सोसायटी उताराच्या कडेला असेल, खाली डोंगर कापलेला असेल, तर त्या कडेजवळ पाणी मुरवू नका. कापलेल्या डोंगरात पाणी शिरलं तर दरड येते.

आमच्या घराजवळच्या सांतिनेज खाडीत खारफुटी वाढलीय. शेजारी म्हणतात डास होतात, तोडायला सांगूया. सासरी सत्तरीला, डोंगराच्या बाजूला, हे झाड नाही त्यामुळे मला काही कळत नाही, आणि माझे मामा (त्यांचं शेत चोडणला आहे) म्हणतात खारफुटीने त्यांची शेती खाल्ली. मग ही चांगली की वाईट? (एक वाचक, पणजी)

दोघांनाही एकच उत्तर दिलं तर ते खोटं होईल. तुमचा शेजारी चुकतोय, मामा चुकत नाहीत.

आधी शेजारी. भरती-ओहोटीचं पाणी जिथे ये-जा करतं आणि मासळीची पिल्लं फिरतात तिथे डासांचं फारसं फावत नाही. डास होतात ते प्लास्टिक आणि राडारोडा अडकून पाणी थांबलेल्या डबक्यात, आणि डेंगीचा डास तर घरातल्या साठवलेल्या स्वच्छ पाण्यातला. ही खाडी ताळगावच्या बाजूने येऊन कांपालजवळ मांडवीला मिळते, शहराच्या बऱ्याच भागाचं पावसाचं पाणी तिच्यातून जातं, ती मोकळी राहिली पाहिजे यात वाद नाही. कचरा आणि गाळ काढायला सांगा, झाडं तोडायला सांगू नका. तशीही खारफुटी सीआरझेडच्या (किनारी भागातल्या बांधकामांवर बंधनं घालणाऱ्या नियमांच्या) पहिल्या वर्गात येते, १००० चौरस मीटरपेक्षा मोठा पट्टा असेल तर भोवतीचे ५० मीटरसुद्धा सांभाळावे लागतात. कांदळ, तिवर, चिपी यांची मुळं गाळ धरतात, लाटेचा जोर मोडतात. पणजी-रायबंदर रस्त्यावरून जाताना बाजूला या झाडांची जी गर्दी दिसते ती बघा, १६३४ साली पुरा झालेला तो रस्त्याखालचा बांध आजही उभा आहे त्यात या झाडांचा पण हात आहे असं मला वाटतं.

आता मामा. चोडणची शेतं म्हणजे खाजन, भरतीच्या पातळीच्या खाली असलेली जमीन. आपल्या गांवकारीतल्या (गावची जमीन सामाईक सांभाळणाऱ्या जुन्या संस्थेतल्या) लोकांनी माती, पेंढा आणि चिरे घालून बांध उभारले, बांधात मानस बसवली. मानस म्हणजे लाकडी दाराची मोरी, भरती आली की नदीचंच पाणी दार लोटून बंद करतं, ओहोटीला आतलं पाणी ते ढकलून बाहेर जातं, वीज नको, पंप नको, माणूसही फक्त देखरेखीला. आणि आत असते पोंय, सखल पाणवठा. मुसळधार पाऊस आणि भरती एका वेळी आली की दार बंदच राहणार, मग गावाचं पाणी ओहोटी होईपर्यंत या पोंयीत थांबतं. लहानपणी आजोबांबरोबर मी रात्री मानशीवर जायची, कंदिलाच्या उजेडात दार बंद होताना जो आवाज यायचा तो अजून कानात आहे.

आज जगभर शहरं पूर थोपवायला तळी आणि सखल बागा खणतायत. कोपनहेगनमध्ये २०११ च्या ढगफुटीनंतर २०१२ साली त्यासाठी वेगळी योजना केली. आपल्याकडे ही व्यवस्था शतकानुशतकं चालत आलीय, गोव्यात सुमारे १८ हजार हेक्टर खाजन सांगतात. पण दार कुजलं, बांधाला भगदाड पडलं आणि वर्षभर कोणी बघितलं नाही की खारं पाणी आत येतं, दोन-तीन वर्षांत शेतात खारफुटी उगवते, मग तीही कायद्याने संरक्षित आणि शेतकरी स्वतःच्या शेतात हात लावू शकत नाही. मामांचं दुःख हे आहे. म्हणून माझं म्हणणं असं की खारफुटी बांधाच्या बाहेर, भात बांधाच्या आत, आणि बांधाची डागडुजी दर वर्षी पावसाआधी. त्याचा खर्च पूर नियंत्रणाच्या बजेटमधूनच व्हायला हवा, कारण पोंय बुजवून तिथे प्लॉट पाडले तर पाणी थांबणार ते लोकांच्या दिवाणखान्यात.

आमच्या क्लबला गावच्या सड्यावर मियावाकी जंगल लावायचंय, दाट, हजार रोपांचं. कुठली झाडं घेऊ? (एक वाचक, डिचोली)

सड्यावर नको. तुमचा उत्साह बघून बरं वाटलं म्हणून सरळ सांगते, सडा उजाड दिसतो तो फक्त मार्चमध्ये. ऑगस्टमध्ये जाऊन बघा, सीतेची आसवं आणि गेंद यांनी निळा-पांढरा झालेला असतो, ही झाडोऱ्याच्या सावलीत न तगणारी फुलं. शिवाय कातळाच्या भेगांतून मुरलेलं पाणीच खाली झर म्हणून येतं, गावची तळी त्यावर चालतात. जपानी वनस्पतिशास्त्रज्ञ अकिरा मियावाकींची दाट लागवडीची पद्धत जिथे मुळात जंगल होतं आणि ते गेलंय तिथे शोभते. शाळेच्या मागची बुजलेली जागा, रस्त्याकडेचा पट्टा, असं काही शोधा, आणि बकुळ, उंडी, जांभूळ, फणस, भेरली माड घ्या. हजार रोपांपेक्षा तीन वर्षं पाणी घालायला तयार असलेली दहा माणसं आधी जमवा.

मडगावात आमच्या वॉर्डात उकाडा असह्य होतोय. नवीन झाडं लावा म्हणून अर्ज दिला तर उत्तर येतं जागा नाही. नागरिक म्हणून नेमकं काय मागायचं? (एक वाचक, मडगाव)

पहिल्यांदा जी आहेत ती मोठी झाडं वाचवायचं मागा. एका जुन्या आंब्याची सावली पन्नास रोपं पुढची पंधरा वर्षं देऊ शकत नाहीत. बुंध्यापर्यंत काँक्रीट ओतलेलं असेल तर फोडायला सांगा. राष्ट्रीय हरित लवादाने २०१३ साली दिल्लीत झाडाभोवती १ मीटर जागा मोकळी करायला सांगितली होती, त्याचा दाखला अर्जात द्या. १९८४ चा वृक्ष संरक्षण कायदा गोव्यात आहेच, परवानगीशिवाय झाड तोडता येत नाही.

मग वॉर्डचा नकाशा तुम्हीच करा. सर्व्हेचा प्लॅन घ्या, त्यावर व्हाळ (ओढे), बुजलेले व्हाळ, तळी, विहिरी, मोठी झाडं आणि पाणी तुंबणाऱ्या जागा पेन्सिलने मांडा, म्हाताऱ्यांना विचारून. 'प्रादेशिक आराखडा २०२१' या गोव्याच्या जमीनवापराच्या आराखड्यात त्या जागेचा इको झोन (पर्यावरणासाठी राखलेला पट्टा) कुठला तेही लिहा. तुमच्याकडे नगरपालिका आहे म्हणून नगरसेवकाकडे न्या, पंचायतीत राहणाऱ्यांनी ग्रामसभेत मांडून ठराव करून घ्यावा आणि जैवविविधता समितीच्या नोंदवहीत झर-तळी चढवून घ्यावी. हातात नकाशा असला की "जागा नाही" म्हणणं सोपं राहत नाही, सावली हवी तो रस्ता आणि पाणी मुरवायची जागा दोन्ही त्यावर दिसतात. पण छापायच्या आधी पहिल्या मोठ्या पावसात छत्री घेऊन ती सगळी वाट एकदा चालून या, आणि नकाशा जिथे चुकला असेल तिथे तिथल्या तिथे दुरुस्त करा.