पाटी उलटत असतील तर आधी गव्हाण बघा

भाऊ, पाटी (न व्यालेल्या तरुण शेळ्या) उलटतात, म्हणजे बोकड दाखवूनही गाभण न राहता पुन्हा माजावर येतात, म्हणून लसूणघास बंद करावी का, असं तुम्ही विचारलंत. बंद करू नका, प्रथिनांसाठी तिच्यासारखा चारा नाही. फक्त पाटी बोकडाला दाखवायच्या आधी महिनाभर तिचं प्रमाण कमी ठेवा. लसूणघासात कुमेस्ट्रॉल असतं, सोयाबीनमध्ये आयसोफ्लेव्होन. ही वनस्पतीतली द्रव्यं जनावराच्या अंगात इस्ट्रोजेन या मादीच्या संप्रेरकासारखी वागतात. 1940च्या दशकात पश्चिम ऑस्ट्रेलियात क्लोव्हर नावाचा चारा चरून मेंढ्यांचे कळपच्या कळप भाकड राहिले, ते यामुळेच. तरी घाबरून जाऊ नका.

फक्त पानं उलटून बघायची सवय लावा. तपकिरी ठिपके पडलेल्या, मावा किडीनं चिकट झालेल्या लसूणघासात कुमेस्ट्रॉल खूप वाढतं. असा चारा गाभण न जाणाऱ्या पाटींना नको, खाटकाच्या बोकडांना चालेल. न व्यालेल्या पाटीची कास अचानक भरली, योनी सुजली किंवा माज वेळीअवेळी यायला लागला, तर चारा बदला. मका, कडवळ, तुरीचं भुसकट द्या.

गाभडत असतील, म्हणजे गर्भ पडत असेल, तर मात्र चाऱ्यावर खापर फोडत बसू नका. डॉक्टरांकडून ब्रुसेला या गर्भ पाडणाऱ्या जंतूची तपासणी करून घ्या आणि पडलेला गर्भ, वार उघड्या हातानं उचलू नका, तो रोग माणसालाही होतो.